अडगळीचा खण आणि अस्तेय

घरातील अडगळीच्या खणाविषयी देवस्थानाच्या पत्रिकेत काय लिहावयाचे, असा प्रश्न काही वाचकांस पडेल. कर्म, भक्ती, मोक्ष या विषयांच्या पंक्तीस गंजलेले खिळे आणि सुतळीचा गुंता आणून बसविणे हा औचित्यभंग होय, असेही कोणी म्हणेल. परंतु धर्मविचार जर गृहस्थासाठी असेल, तर गृहस्थाच्या घरात तो जेथे अडतो तेथवर त्यास नेले पाहिजे, असे आम्हांस वाटते. दसरा-दिवाळीच्या साफसफाईत आपल्या बहुतेक कुटुंबांत तो नेमका या खणापाशी अडतो, आणि पुष्कळदा तेथे भांडणही होते.

मसाल्याच्या डब्याला जागा असते, देव्हाऱ्याला जागा असते. ज्या वस्तूंना जागा नसते त्यांसाठी मेजाचा किंवा कपाटाचा एक खण असतो. आपल्या नेरडीगोंड्यातील जुन्या घरात असा खण उघडावा, तर काय निघेल? कुलपे हरवलेल्या किल्ल्या, चष्म्याची एकच काडी, निर्मलच्या लाकडी खेळण्याचा तुटका पाय, पोळ्यातील मुलांच्या बैलाचे सुटलेले चाक, अर्ध्या वापरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, संपलेले आणि न संपलेले सेल एकत्र, कोणत्या मोबाईलचा ते आठवत नाही असा चार्जर, दुधाचा हिशेब मांडलेले कालनिर्णयाचे पान, गणपतीचे चित्र असलेल्या लग्नपत्रिका. आणि अगदी तळाशी एखादे चारमिनारची छाप असलेले नाणे. हा निजामाचा हाली सिक्का १९५९ साली व्यवहारातून गेला. तेव्हापासून त्या नाण्याने काहीही विकत घेता येत नाही, तरी ते टाकून देण्याचे धैर्य घरात कोणास झालेले नाही.

या साठवणीस हसू नये. ज्या पिढीने टंचाई पाहिली, तिने वाकडा खिळा ठोकून सरळ केला, पुड्याची सुतळी सोडवून गुंडाळून ठेवली आणि तुटलेल्या बादलीची कडी दुसऱ्या बादलीस लावली. लहान गावात हवी ती वस्तू हव्या त्या वेळी मिळत नाही, मोठा बाजार म्हटला की निर्मल किंवा आदिलाबाद. अशा ठिकाणी भरलेला खण हा लोभ नव्हता, ती तरतूद होती. आज घरपोच माल येतो, वस्तू दुरुस्त होण्याआधीच बदलली जाते, तरीही खण भरतच आहे. तरतूद संपली आणि सवय तेवढी उरली, असे झाले आहे.

अशा वेळी कोणी तरी अपरिग्रहाचे नाव काढतो. साठवू नये, मोह सोडावा, हा उपदेश आपल्या परंपरेत सर्वत्र आहे. श्रीमद्भागवताच्या सातव्या स्कंधात नारद युधिष्ठिरास सांगतात, की पोट भरण्यापुरत्यावरच देहधाऱ्याचा हक्क आहे, त्याहून अधिकावर जो हक्क सांगेल तो चोर होय. उपदेश खरा आहे. मात्र तो ऐकून उत्साहाने कचऱ्याची टोपली पुढे ओढणाऱ्याने क्षणभर थांबावे, अशी आमची विनंती आहे. पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात यम सांगितले, त्यांत अपरिग्रह पाचवा, म्हणजे शेवटचा आहे. त्याच्या आधी अहिंसा, सत्य, अस्तेय आणि ब्रह्मचर्य येतात. खण आवरणाऱ्यास हा क्रम फार उपयोगी आहे. कारण अपरिग्रह आपल्या वस्तूंपुरता असतो. दुसऱ्याच्या वस्तूंवर आपण तो आचरला, की तो अपरिग्रह राहत नाही, ते स्तेय होते. मालकास न विचारता वस्तू खिशात घालणे आणि मालकास न विचारता ती उकिरड्यावर टाकणे, यांत चोराचा लाभ वेगळा असेल, पण मालकाची हानी सारखीच.

हे कठोर वाटेल, परंतु एकत्र कुटुंबातील अनुभव आठवून पाहावा. नव्या सुनेने मोठ्या हौसेने खण आवरला, सासूबाईंचा गंजलेला अडकित्ता भंगारवाल्यास दिला, आणि पुढे वर्षभर त्या अडकित्त्याचे नाव घरात निघत राहिले. सासूबाई आता सुपारी खात नाहीत. तो त्यांच्या आईच्या हातचा होता, एवढेच. काका कालेलकरांनी गांधीजींची एक आठवण लिहून ठेवली आहे. गांधीजी एकदा बोटभरही नसलेला पेन्सिलीचा तुकडा शोधीत होते. काकांनी आपली पेन्सिल पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. मद्रासच्या नटेसन यांच्या लहान मुलाने तो तुकडा प्रेमाने दिला होता, तो हरवून चालणार नव्हता. अपरिग्रहाचे व्रत घेतलेला मनुष्य पेन्सिलीच्या तुकड्यासाठी सामान उलथेपालथे करतो, यात विसंगती आहे का? आम्हांस ती दिसत नाही. वस्तूचे मोल तिच्या उपयोगात असते तसे ती ज्या हातून आली त्या हातातही असते, आणि हे दुसरे मोल बाहेरून पाहणाऱ्यास कधीच दिसत नाही. म्हणून निवाडा ज्याचा त्याने करावा.

आता याची दुसरी बाजू. खण आवरण्याचे काम बहुतेक घरांत स्त्रीकडेच असते. वस्तू टाकावी की नाही हे ठरविण्याचा अधिकार मात्र घरातील इतर चौघांकडे असतो, आणि ते चौघेही विचारल्यावर वर न पाहताच ‘असू दे, लागेल कधी तरी’ म्हणतात. श्रम एकीचे आणि नकाराचा हक्क सर्वांचा, ही वाटणी न्यायाची नव्हे. ज्यास वस्तू ठेवावयाची आहे त्याने ती ठेवण्यास जागा द्यावी, ती पुसावी, मागितली असता पाच मिनिटांत काढून दाखवावी. एवढे ज्याच्याने होत नाही, त्याचा ‘असू दे’ हा निर्णय नसून निर्णयाची टाळाटाळ आहे. सत्य हा दुसरा यम येथे उपयोगी पडतो: कोणत्या कुलपाची ते ठाऊक नसलेली किल्ली ‘लागेल’ असे आपण म्हणतो तेव्हा आपण खरे बोलत असतो काय?

कागदांच्या बाबतीत आपल्या भागातील कुटुंबांनी विशेष सावध असावे. निजामाच्या राज्यात सरकारी व्यवहार उर्दूत चाले. पुढे कागद तेलुगूत आले. घरातील पत्रे मराठीत. एकाच खणात तीन लिप्या असतात, आणि आवरणाऱ्यास त्यांतील एक किंवा दोन वाचता येतात. न वाचता येणारा पिवळा कागद रद्दीत जाण्याचा संभव सर्वांत अधिक. तेलंगणातील जमिनीच्या वादांत १९५४-५५ सालच्या खासरा पहाणीचा आधार आजही घेतला जातो, हे ज्यास ठाऊक आहे त्याच्या लक्षात येईल, की एका पिवळ्या कागदाने भावाभावांतील तंटा मिटू शकतो आणि तो गेल्याने पेटूही शकतो. ज्यास लिपी येत नाही त्याने कागदाची किंमत ठरवू नये. पट्टादार पासबुक, जन्ममृत्यूचे दाखले, विम्याचे कागद हे तर या खणात असूच नयेत. मरणानंतरच्या तेराव्या दिवशी घरातील माणसे खण उपसत बसतात, हे दृश्य आपण अनेक घरांत पाहिले आहे.

अहिंसेविषयी थोडक्यात. घड्याळातील वा खेळण्यातील बटणासारखा चपटा सेल लहान मुलाने गिळला, तर दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजून निघू शकते. सेल वापरून संपलेला असला तरी धोका टळत नाही. मुदत संपलेल्या गोळ्या आणि मागच्या आजारातून उरलेली प्रतिजैविके अंदाजाने घेणे हेही तसेच घातक. यांविषयी कुटुंबात चर्चा नको. मुलांच्या हातास लागणार नाही असे ते आजच वेगळे काढावे.

राहिला देवांच्या चित्रांचा प्रश्न, आणि तो या पत्रिकेचा खास विषय आहे. लग्नपत्रिकेवरील गणपती, दिनदर्शिकेवरील बालाजी, उदबत्तीच्या पुड्यावरील लक्ष्मी ही टाकवत नाहीत म्हणून खणात साठतात. खण भरला की पिशवी भरून देवळाच्या पारावर, पिंपळाच्या बुंध्याशी ठेवली जातात. ठेवणारा नमस्कार करून निघून जातो. पुढे पाऊस येतो, गुरे येतात, आणि शेवटी झाडलोट करणारी बाई ती उचलते. जे करणे आपणांस पाप वाटले, ते आपण तिच्याकडून करवून घेतले. आपल्या परंपरेने यावर उत्तर दिलेले नाही असे नाही. काल देवाच्या मस्तकी असलेले फूल आज निर्माल्य होते आणि आपण ते निःशंकपणे उतरवतो. उत्तरपूजा करून मातीची मूर्ती पाण्यात सोडतो, तेव्हा आकार विरतो आणि माती मातीस मिळते. पत्रिकेचा कागद रद्दीत जाऊन त्याचा लगदा व्हावा आणि पुन्हा कागद व्हावा, यात त्याहून निराळे काय आहे? नमस्कार करावा आणि तो कागद स्वतःच्या हाताने द्यावा. पत्रिका छापणाऱ्यांनीही देवांची चित्रे जपून वापरली, तर हा प्रश्न अर्ध्यावर येईल.

हे सर्व केव्हा करावे? आश्विनातील खंडेनवमीहून चांगला दिवस आम्हांस सुचत नाही. त्या दिवशी आपण घरातील हत्यारे पुसून, कुंकू लावून पुजतो. पुजावयाची तर ती आधी सापडली पाहिजेत. आदल्या दिवशी खण सतरंजीवर उपडा करावा आणि घरातील सर्वांनी, पुरुषांनीही, भोवती बसावे. पक्कड, पेचकस, कात्री, टाचणीची डबी यांचा एक डबा करावा व त्यास नाव लिहावे. प्रत्येकाने आपली वस्तू आपण उचलावी. जिला कोणीच आपली म्हणत नाही, ती जावी. किल्ल्या घरातील सर्व कुलपांना एकदा लावून पाहाव्यात. मुलांना हे काम फार आवडते. आजोबांच्या नाण्याची पाळी येईल तेव्हा मात्र घाई करू नये. चारमिनारच्या त्या छापेचे एवढे काय, असे मुलांनी विचारले, तर उत्तर देणारे माणूस अद्याप घरात बसलेले आहे. त्याचे बोलणे संपेपर्यंत डबा उघडाच राहू द्यावा.