रोवणीच्या दिवसांतली भाजी

महाशिवरात्रीला गडचिरोलीतल्या मार्कंड्याच्या देवळांभोवती जत्रा भरते, त्याच सुमारास वैनगंगेकाठच्या गावांमध्ये परसातल्या भाजीला सुमार नसतो. वांगी, टमाटर, वालाच्या शेंगा, चवळी, मेथी, सांबार (कोथिंबीर) सारं एकदम येतं. बाजारात भाव इतका पडतो की पुष्कळदा तोडणीची मजुरीही सुटत नाही. दोनच महिन्यांत विहिरीचं पाणी तळाला जातं, पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकतो आणि तेच परस ओसाड पडतं. मग जुलैमध्ये रोवणी लागते. रानात तेव्हा तरोटा, कुड्याची फुलं, वासते (बांबूचे कोंब), सात्या (अळंबी) उगवलेल्या असतात हे खरं; पण दिवसभर चिखलात वाकून धान रोवणाऱ्या बाईने रानात जायचं कधी, आणि ती भाजी निवडून शिजवायची कधी? नेमकी सर्वांत जास्त श्रमाच्या दिवसांत ताटात भात आणि आंबील, नाहीतर भात आणि मिरचीची चटणी उरते.

म्हणून मला वाटतं, परसबागेची चर्चा बी पेरण्यापाशी थांबवणं चूक आहे. राज्य सरकारच्या ‘उमेद’ अभियानाने गावोगावी ‘माझी पोषण परसबाग’ मोहीम राबवली. ती चांगलीच आहे. पण फेब्रुवारीत पिकलेली भाजी जुलैच्या ताटात कशी पोहोचवायची, हे शिकवण्यावर तेवढाच भर हवा. पोषणाचा हिशेब बारा महिन्यांचा असतो आणि परसाचं पीक जेमतेम चार महिन्यांचं.

पोहोचवण्याची रीत इथल्या बायकांना ठाऊक आहे. कोवळ्या वांग्यांच्या फाका करायच्या, मिठाच्या उकळत्या पाण्यातून क्षणभर काढायच्या आणि बांबूच्या चटईवर पसरायच्या. वरून जुनं पातळ लुगडं घालायचं, म्हणजे धूळ आणि माशी दोन्ही अडतात. संध्याकाळी आत, सकाळी पुन्हा उन्हात. फाक वाकली तर अजून ओली. कडकन मोडली की डब्यात भरायची. या वाळलेल्या फाका म्हणजे खुला. त्या पुढे कोमट पाण्यात भिजवून वाळल्या झिंग्यांसोबत किंवा लाखोळीच्या डाळीत शिजतात. ताज्या वांग्याच्या वजनात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असतं. ते गेलं की टोपलीभर भाजी एका डब्यात मावते आणि बुरशीला जगायला ओल उरत नाही. बरणीत पाण्यासकट भाजी कोंबून ठेवण्याची शहरी हौस मात्र इथे आणू नये. आंबट नसलेली भाजी हवाबंद ठेवायची तर ती दाबाखाली तापवावी लागते, एरवी त्यात जीवघेणं विष तयार होऊ शकतं. चंद्रपूर-गडचिरोलीचं फाल्गुनातलं कोरडं ऊन हे काम फुकट आणि निर्धोकपणे करतं.

वाळवलेली भाजी ताज्या भाजीची जागा पूर्णपणे घेत नाही. क जीवनसत्त्व बरंचसं जातं. पालेभाजी थेट उन्हात ठेवली तर रंगासोबत तिच्यातलं कॅरोटिनही उडतं. म्हणून मेथी, अंबाडी, शेवग्याचा पाला सावलीत वाऱ्यावर वाळवावा. पण लोह, चुना आणि चोथा टिकतो, आणि नुसत्या भाताच्या शेजारी तेवढा आधारही फार मोठा असतो. ही सावली-उन्हाची समज घरोघरी सारखी नाही. अनेक ठिकाणी वाळवण डांबरी रस्त्याच्या कडेला पडलेलं दिसतं, ट्रकच्या धुळीत. शिकवायचं ते इथे.

एकमेकांकडून शिकण्यासारखंही पुष्कळ आहे. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबं वसवली गेली. भाजीपाला पिकवण्यात ही मंडळी तरबेज. त्यांच्याकडे उडदाची डाळ आणि किसलेला कोहळा फेटून थंडीत ‘बोडी’ घालतात. आपल्याकडच्या कोहळ्याच्या सांडग्यांची ती सख्खी बहीण. दोन्ही अंगणं अनेक वर्षं शेजारी आहेत, पण दोन्हीकडच्या बायकांना वाळवणासाठी एकत्र बसवणारा कार्यक्रम माझ्या पाहण्यात नाही.

योजना आहेत, पण त्या विक्रीकडे पाहतात. २०१८ची वनधन योजना, २०२०ची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्रीय योजना (पस्तीस टक्के अनुदान, कमाल दहा लाख) यांना उद्योग हवा, पाकीट हवं, लेबल हवं. ज्यांना जमेल त्यांनी ते जरूर करावं. एस४एस टेक्नॉलॉजीज या कंपनीने सौर वाळवणी यंत्रं शेतकरी बायकांच्या हाती दिली आणि २०२३चा अर्थशॉट पुरस्कार मिळवला, हे उदाहरण समोर आहेच. माझी भीती वेगळी आहे. साठवणीला फक्त बाजाराची किंमत लागली की घरातलं आधी विकलं जातं. मोहफुलाच्या बाबतीत कारण वेगळं होतं, पण घरातलं खाणं तसंच मागे पडलं. मनुक्यासारखं वाळवून, भाजून, लाडवात घालून खाण्याचं ते फूल; पण सरकारी नजरेत ते दारूचा कच्चा माल ठरलं. त्यावरचे बरेचसे निर्बंध २०२१ मध्ये उठले, तोवर मोहाचे पदार्थ कितीतरी घरांतून मागे पडले होते.

तेव्हा पहिलं गिऱ्हाईक गावातच शोधावं. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांमध्ये गरोदर आणि स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून एक वेळचं जेवण मिळतं. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो आणि ताज्या भाजीची गाडी अडकते. म्हणून मार्च-एप्रिलमध्येच त्या-त्या गावच्या बचत गटाकडून अंगणवाडीने वाळलेली भाजी, सांडगे आणि शेवग्याच्या पाल्याची भुकटी तोलून घ्यावी, दर ग्रामसभेने ठरवावा आणि पैसे त्याच महिन्यात चुकते करावेत. घरच्या डब्याइतकं बाजूला काढून उरलेलंच गटाने द्यावं, ही अट ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्यावी.