शेजाऱ्याच्या डब्यांतील गोळी

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत देवघेवीची एक जुनी व चांगली चाल आहे. ज्याच्या घरीं मीठ सरलें तो शेजाऱ्याकडे जातो. ज्याची पाभर मोडली तो दुसऱ्याची मागून आणतो. बाळंतिणीच्या घरीं डिंक व खोबरें न मागतां येऊन पोहोंचतें. ही चाल आम्हांस मोलाची वाटते, आणि प्रेषितांच्या काळीं यरुशलेमांतील मंडळीचें जें वर्तन होतें त्याचा कांहीं अंश तिच्यांत अजून जिवंत आहे असें आम्ही मानतों. परंतु याच चालीनें आतां अशी एक वस्तु हातोहात फिरूं लागली आहे कीं जी फिरविण्याजोगी नाहीं. ती वस्तु म्हणजे गोळी. आणि त्यांतही झोपेची गोळी व मनाच्या आजारावरची गोळी.

वाचकांनीं अशी कल्पना करावी. एका घरांतील तरुण मुलगा येरवड्याच्या मनोरुग्णालयांतून दर महिन्यास औषध आणतो. त्या औषधानें त्याचें चित्त ठिकाणावर आलें आहे व त्याला रात्रीं गाढ झोप लागते. शेजारीं एक विधवा भगिनी राहते. तिला झोप येत नाहीं. तिनें दुकानांतून झोपेची गोळी आणविली, ती घेतलीही. तरी मध्यरात्र उलटून गेली आणि डोळा लागेना. तेव्हां त्या मुलाची आई कळवळून म्हणते, "काकू, आमच्या पोराची ही एक घेऊन पाहा; तो बघा कसा निवांत झोपतो." काकू ती गोळी घेतात.

या आईच्या मनांत लोभ नाहीं, कपट नाहीं, प्रीतीवांचून दुसरें कांहीं नाहीं. मग तिनें केलें तें सत्कृत्य म्हणावें कीं अपराध? आणि सकाळीं काकू उठल्या नाहींत तर त्याचा जाब कोणीं द्यावा? "मी चांगल्या मनानें दिलें" हें उत्तर पुरेसें आहे काय, हा आमचा आजचा प्रश्न आहे.

प्रथम त्या गोळ्यांचें काम काय तें पाहूं. डायझेपाम, अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम इत्यादि झोपेच्या गोळ्या मेंदूंतील एका नैसर्गिक द्रव्याचा जोर वाढवितात, आणि त्या द्रव्याचें काम ज्ञानतंतूंची धांव मंद करणें हें आहे. मनाच्या आजारावरच्या ओलँझापिन, क्वेटियापिन, क्लोझापिन, ॲमिट्रिप्टिलिन यांसारख्या पुष्कळ औषधांतही गुंगी आणण्याचा गुण असतो, मात्र तो निराळ्या वाटेनें चालतो. दोन्ही वाटा एकाच उतारावर येऊन मिळतात. गुंगी मर्यादेबाहेर गेली म्हणजे श्वास मंदावतो, जीभ मागें पडून घसा बुजतो, आणि ओकारी झालीच तर ती फुप्फुसांत जाते. रक्ताचा दाबही उतरतो. म्हातारें माणूस रात्रीं लघवीस उठतें, अंधारी येऊन पडतें, आणि खुब्याचें हाड मोडून घेतें. त्यांत दारूची भर पडली तर धोका कितीतरी वाढतो.

येथें पुष्कळांस एक शंका येते, आणि ती रास्त आहे. तो मुलगा तर तीच गोळी रोज खातो. त्याला कांहीं होत नाहीं, मग काकूंस कां व्हावें? याचें उत्तर असें कीं, तो मुलगा त्या औषधापर्यंत पायरीपायरीनें चढला आहे. क्लोझापिनचेंच उदाहरण घ्या. तें पहिल्या दिवशीं १२.५ मिलिग्रॅम, म्हणजे २५ मिलिग्रॅमच्या गोळीचा अर्धा तुकडा, अशा बेतानें सुरू करतात, आणि पुढें कित्येक दिवसांनीं, प्रसंगीं आठवड्यांनीं, कांहीं रुग्णांत ३०० मिलिग्रॅमच्याही वर नेतात. ज्यानें हें औषध पूर्वीं कधीं घेतलें नाहीं त्यानें वरच्या पायरीवरची गोळी एकदम घेतली, आणि तीही झोपेच्या गोळीवर घेतली, तर त्याचा श्वास व रक्ताभिसरण कोसळूं शकतें. शिवाय याच औषधामुळें फिनलंड देशांत १९७५ साली रक्तांतील पांढऱ्या पेशी अत्यंत घटून ८ रुग्ण दगावले, आणि तेव्हांपासून तें घेणाऱ्याचें रक्त वारंवार तपासण्याचा नियम पडला. त्या मुलाचें रक्त कोणी तपासतो. काकूंचें कोण तपासणार?

दुसरी गोष्ट काळाची. डायझेपामचा अर्धा अंश शरीरांतून जाण्यास एक-दोन दिवस लागतात, आणि त्यापासून पोटांत गेल्यावर जें दुसरें द्रव्य तयार होतें तें त्याहूनही अधिक काळ टिकतें. म्हणून "ती गोळी तर कालची, आज दुसरी घेतली" असें म्हणणें खरें नव्हे. कालची अजून आंतच असते. माणसामाणसांत फरक पडतो तो निराळाच. झोल्पिडेम नांवाची झोपेची गोळी स्त्रियांच्या शरीरांतून सावकाश निघून जाते असें दिसून आल्यावर अमेरिकेंतील औषध खात्यानें २०१३ साली स्त्रियांसाठीं तिचें प्रमाण १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणविलें. तीच गोळी, तोच आजार. परंतु नवऱ्याचें प्रमाण बायकोस चालत नाहीं. मग शेजाऱ्याचें कसें चालावें?

अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत कॅरन ॲन क्विनलन नामक २१ वर्षांची एक तरुणी होती. एप्रिल १९७५ मध्यें मित्रमंडळींच्या मेळाव्यांत तिनें कांहीं मद्य घेतलें. अंगांत डायझेपामही होतें, आणि पोट जवळजवळ रिकामें होतें. तिला ग्लानि आली असें पाहून मित्रांनीं तिला घरीं नेऊन निजविलें. थोड्या वेळानें कोणी पाहावयास गेला तों तिचा श्वास चालत नव्हता. श्वास पुन्हा चालू झाला, पण मेंदु निकामी झाला तो झालाच. तिचा श्वास यंत्रानें चालवावा कीं न चालवावा हा वाद त्या प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७६ साली निकाल लागून यंत्र काढलें. तरीही ती शुद्धीवर न येतां ११ जून १९८५ पर्यंत जगली. मद्य व औषध यांचा संयोग त्या आपत्तीच्या मुळाशीं होता असें मानलें जातें. त्या खटल्यावर धर्मशास्त्री व कायदेपंडित यांनीं पुष्कळ लिहिलें आहे. आमचें लक्ष मात्र दुसऱ्या एका गोष्टीकडे जातें: तिला ज्यांनीं निजविलें ते वैरी नव्हते. ती झोपली आहे असें त्यांस वाटलें, एवढेंच.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. पवित्र शास्त्रांत राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या चवथ्या अध्यायांत अलीशा संदेष्ट्याची एक गोष्ट आहे. गिलगाल येथें दुष्काळ पडला होता. संदेष्ट्यांच्या शिष्यांसाठीं मोठें भांडें चुलीवर चढलें. त्यांतला एक जण भाजी आणावयास रानांत गेला आणि ओळख नसतां एका रानवेलीचीं फळें ओटींत भरून आणून भांड्यांत चिरून टाकलीं. जेवावयास बसल्यावर सर्वांस कळलें कीं या अन्नांत मृत्यु आहे, आणि ते ओरडले. त्या मनुष्याचा हेतु काय होता? उपाशी बंधूंचें पोट भरावें हाच. शास्त्र त्याचें नांव सांगत नाहीं व त्याला शापही देत नाहीं. परंतु त्याचा हेतु चांगला होता म्हणून तें अन्न चांगलें झालें, असेंही शास्त्र म्हणत नाहीं. अन्न टाकून द्यावयाचें किंवा सुधारावयाचें हेंच पुढें उरलें.

यावरून आम्हांस असें दिसतें कीं, हेतु देणाऱ्याच्या हृदयाविषयीं साक्ष देतो, पण दिलेल्या वस्तूविषयीं देत नाहीं. आणि म्हणून प्रीतीवर एक काम अधिक येऊन पडतें, देण्यापूर्वीं विचारणें. तुम्हीं आधीं काय घेतलें आहे? कोणाच्या सांगण्यावरून? श्वासाचा, यकृताचा, मूत्रपिंडाचा कांहीं आजार आहे काय? पोटांत मूल आहे काय? ज्याला हे प्रश्न विचारतां येत नाहींत, किंवा उत्तर मिळूनही ज्याला त्याचा अर्थ कळत नाहीं, त्यानें हात आंवरावा. जें ठाऊक नव्हतें व ठाऊक होणें शक्यही नव्हतें, त्याबद्दल कोणी कोणास दोष देऊं नये. परंतु विचारतां येत असतां विचारलें नाहीं, तेथें "मला ठाऊक नव्हतें" हें उत्तर आमच्या मतें अर्धेंच आहे.

कोणी म्हणेल, पौलानें तीमथ्यास पोटाच्या विकारासाठीं थोडा द्राक्षारस घेण्यास सुचविलें नाहीं काय? सुचविलें खरें. पण तें एका माणसानें आपल्या ओळखीच्या दुसऱ्या माणसास, त्याचा आजार ठाऊक असतां, प्रमाण थोडें ठेवून सुचविलें. तें पत्र तीमथ्याच्या नांवचें आहे. सर्व मंडळ्यांनीं पोट दुखो न दुखो तेंच घ्यावें असा अर्थ त्याचा कोणी समंजस मनुष्य काढणार नाहीं. डॉक्टरांची चिठ्ठीही अशीच एका नांवची असते. आमच्या सरकारानें १ मार्च २०१४ पासून अंमलांत आणलेल्या एच-वन परिशिष्टांत अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम यांसारखीं औषधें घातलीं आहेत. तीं विकतांना दुकानदारानें चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांचें व रोग्याचें नांव वहींत लिहावें आणि ती वही तीन वर्षें जपावी असा नियम आहे. कायद्यासही नांव हवें आहे, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

देणाऱ्या घराचेंही नुकसान होतें, तें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. महिन्याच्या गोळ्या मोजून मिळालेल्या असतात. चार इकडे, दोन तिकडे गेल्या कीं महिनाअखेर त्या मुलाचें औषध तुटतें. क्लोझापिन दोन दिवसांहून अधिक चुकलें तर पुन्हा तळच्या पायरीपासून चढावें लागतें. क्लोनाझेपाम अकस्मात् बंद झालें तर फेपरें येऊं शकतें. आणि जुना आजार उलटण्याचें भय तर असतेंच. म्हणजे शेजारणीवर दया करतांना आपल्याच लेकराच्या ताटांतला घांस काढला गेला.

येथपर्यंत वाचून आमचे कांहीं उपदेशक बंधु म्हणतील, "हें सर्व खरें, पण गरिबानें करावें काय? डॉक्टर तालुक्याला, एस.टी.चें भाडें वेगळें, दिवसाची मजुरी बुडते ती वेगळी." ही अडचण खोटी नाहीं. परंतु आमची अशी समजूत आहे कीं, उसन्या गोळीचें कारण दारिद्र्य थोडें व लाज फार. खोकल्याचें औषध मागावयास कोणी लाजत नाहीं. डोक्याच्या डॉक्टरांकडे जातांना दिसूं नये म्हणून मनुष्य शेजाऱ्याच्या दारीं अंधारांत जातो. आणि ही लाज आमच्याच मंडळ्यांत कोणी वाढविली? ज्याचा विश्वास दृढ आहे त्याला झोपेची गोळी कशास हवी, असें प्रार्थनासभेंत म्हटलेलें आम्हीं ऐकलें आहे. बोलणाऱ्यानें तें सहज म्हटलें असेल. परंतु मागच्या बांकावर बसलेल्या भगिनीनें तें ऐकलें व आपली चिठ्ठी उशाखालीं दडविली. मग ती डॉक्टरांस सांगत नाहीं कीं मी आणखी काय घेतें. पाळकांस सांगत नाहीं. सुनेस सांगत नाहीं. दोन औषधांचा मेळ बहुधा अशाच मौनांत होतो. लूक हा वैद्य होता आणि पौलाचा प्रिय सोबती होता. त्याची विद्या पौलास अविश्वासाची खूण वाटली नाहीं. आमच्या मतें, ज्या मंडळींत आजाराचें नांव उघड घेतां येतें तेथें उसनी गोळी आपोआप कमी होईल, आणि एस.टी.च्या भाड्यासाठीं दानपेटींतून शंभर रुपये काढणें हें गोळी देण्याहून कितीतरी खरें दान आहे. शोमरोन्यानें जखमेवर तेल व द्राक्षारस ओतला तेवढ्यावर तो थांबला नाहीं. त्यानें त्या मनुष्यास आपल्या जनावरावर घालून उतारशाळेंत नेलें, आणि खर्च दिला.

ज्यांच्या गांवीं तेंही आज शक्य नाहीं त्यांनीं निदान टेलिमानस या सरकारी सेवेस दूरध्वनी करावा. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली असून तिचा क्रमांक १४४१६ आहे. तेथें पैसे पडत नाहींत. एखादा बंधु जिवाला कंटाळल्याचें बोलूं लागला तर त्याला एकटें सोडूं नये, घरांतील सर्व गोळ्या व फवारणीचें औषध कुलुपांत ठेवावें, आणि त्याच्याजवळ बसून हा क्रमांक लावावा.

आणि मेळ होऊन गेलाच असेल तर? हांक मारून, खांदा हलवूनही मनुष्य नीट जागा होत नसेल, श्वास खुंटत खुंटत येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर "झोपूं द्या, सकाळीं उतरेल" असें कोणींही म्हणूं नये. घोरण्यावरून फसूं नये. घशांतून घरघर आवाज येतो तो सुखाच्या झोपेचा नसून अडलेल्या श्वासाचा असूं शकतो. त्याला कुशीवर वळवावें, तोंडांत पाणी, चहा, मिठाचें पाणी कांहीं घालूं नये, ओकविण्याचा खटाटोप करूं नये, कांदा किंवा चप्पल हुंगवीत वेळ दवडूं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबला असें वाटलें तर तसें त्यांस लगेच सांगून ते सांगतील तसें करावें. दवाखान्यांत जातांना सर्व गोळ्यांचीं पाकिटें, रिकामीं असलीं तरी, बरोबर न्यावीं, आणि कोणाची गोळी होती तें न लाजतां सांगावें. देणाऱ्या बाईला त्या वेळीं कोणीं रागें भरूं नये. ती भ्याली तर खरें सांगणार नाहीं, आणि डॉक्टरांस खऱ्याचीच गरज असते.

एक लहानशी गोष्ट राहिली. ज्या घरांतील आजारी माणूस बरा झाला, किंवा प्रभूकडे गेला, त्या घरीं उरलेल्या गोळ्या बिस्किटाच्या डब्यांत वर्षानुवर्षें पडून असतात, कारण पैशाची वस्तु टाकवत नाहीं. कापणीच्या सणाला घर सारवतांना तो डबा खालीं काढावा व त्यांतील गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेऊन दाखवाव्या; त्यांचें काय करावयाचें तें तेथील मंडळी सांगतील.