हापसा आणि हिशेब

यंत्र बिघडले म्हणजे आपण चटकन म्हणतो, 'लोकांना वापरता येत नाही.' कारखान्यात पारखलेली वस्तू खेड्यात टिकली नाही, तर दोष खेड्याचा, असा आपला समज. हा समज न्याय्य आहे काय?

हापसाच घ्या, आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे त्याला बोरिंग म्हणतात. १९६०च्या दशकात खेड्यांत बिडाचे हापसे बसवले गेले. त्यांचा घाट युरोप-अमेरिकेतला, शेतावर राहणाऱ्या एका कुटुंबापुरता. येथे तोच दांडा सारे गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत हलवू लागले. सांधे झिजले, बीड तडकले. १९७४च्या एका पाहणीत चारांपैकी तीन हापसे बंद आढळले. निष्काळजीपणा कोठेच नव्हता असे नाही. पण मुख्य गोष्ट ही की, गणितात लोखंड मोजले होते, माणसे मोजायची राहिली होती.

ती मोजली जालना व सोलापूर येथील मिशनच्या मंडळींनी. त्यांचा वावर खेड्यांतल्या विहिरींवरच असे. त्यांनी बीड टाकून पोलाद घेतले, दांड्याच्या सांध्यात बेअरिंग बसवले. सोलापूरच्या पंपावरूनच १९७०च्या दशकात 'इंडिया मार्क दोन' तयार झाला आणि पुढे परदेशांतही गेला.

तरी हिशेब पुरा झाला नाही. या पंपाचा तळातला वायसर बदलायचा तर सारे पाइप वर काढावे लागतात. त्याला अवजारे लागतात, अवजारांना गाडी आणि गाडीला रस्ता. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता तुटल्याचे गडचिरोलीने कित्येक पावसाळे पाहिले आहे. कागदावर जी दुरुस्ती काही तासांची, तिला अशा ठिकाणी दिवस लागतात. पुढे 'मार्क तीन' आला. त्यात पाइप न काढता दट्ट्या वर घेता येतो आणि गावातल्या शिकलेल्या हातांना काम जमते.

तेव्हा यंत्राचा भरवसा हा एकट्या लोखंडाचा गुण नव्हे. कोण वापरणार, किती वापरणार, बिघडल्यावर कोण किती लांबून येणार, हे सारे त्यात धरावे लागते. आणि ज्याला हिशेबात धरलेले नसते, चुकीची किंमत नेमका तोच भरतो. पंप आखणाऱ्याच्या घरचे पाणी तुटत नाही; कळशी घेऊन नाल्याची वाट धरते ती गावातली बाई.

म्हणून 'लोकांना वापरता येत नाही' असे म्हणण्यापूर्वी, लोक किती होते, एवढे तरी विचारावे.