डेअरीवर त्यांनाच जाऊ द्या

शिरूर-दौंडकडचा माणूस पुण्याहून स्टेंट टाकून घरी येतो. रक्तवाहिनी मोकळी झालेली असते. कोंडमारा सुरू होतो तो घरी आल्यावर. "दादा, बादली उचलू नका." "मळ्यात एकटं जायचं नाही." संध्याकाळी पाहुणे येतात, शहाळं पुढं ठेवतात आणि त्यांच्या साडूला अस्संच झालं होतं, मग आठव्या दिवशी तो कसा गेला, ते बैजवार सांगतात. (अशांना ओट्यावरच चहा पाजून वाटेला लावावं.) रात्री दादा अंधारात मनगटावर बोटं ठेवून ठोके मोजत पडतात. बिबट्याच्या मुलखात अपरात्री मोटार चालू करायला एकटा जाणारा हा माणूस आता न्हाणीघराची कडी लावायलाही भितो.

एकेकाळी डॉक्टरही असेच धास्तावलेले असत. हृदयविकाराचा झटका आलेल्याला चार-सहा आठवडे अंथरुणातून हलू देत नसत. सॅम्युअल लिव्हाइन आणि बर्नार्ड लाउन या अमेरिकी डॉक्टरांनी रुग्णांना लवकर उठवून खुर्चीत बसवलं आणि १९५२ मध्ये तो अनुभव जगापुढं मांडला. आपल्याकडं २४ रुग्णालयांतल्या ३,९५९ रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाचा अभ्यास झाला. २०२० मध्ये तो प्रसिद्ध झाला. योगामुळं मृत्यू किंवा पुन्हा झटका ठळकपणे टळला, असं काही त्यात सिद्ध झालं नाही. पण योग करणारे आपल्या आधीच्या कामांना अधिक चांगल्या रीतीनं लागले. मला ही गोष्ट लहान वाटत नाही.

डॉ. अभय बंगांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' वाचून पुष्कळांना बळ आलं असेल. तरी खरा धीर पायांतून वर चढतो. डॉक्टरांनी मुभा दिली की आधी अंगण, मग वेशीपर्यंत. चालताना सोबत्याशी बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की चाल कमी करायची. दौंड जंक्शनवर उभी नोकरी काढलेल्या माणसाला पादचारी पुलाचा जिना एक दिवस सावकाश, न घाबरता चढता येतो, तेव्हा त्याला जे कळतं ते कुठल्याच रिपोर्टात लिहिलेलं नसतं.

छातीत दुखलं तर थांबायचं आणि वेळ न घालवता दवाखाना गाठायचा. गोळी आपल्या मनानं एकही बंद करायची नाही. एवढं सांभाळून, घरच्यांनो, दुधाचा कॅन हवं तर तुम्ही उचला, पण डेअरीवरचा हिशेब बघायला दादांनाच जाऊ द्या.