खिशातला उजेड

छंद हा माणसाचा सर्वांत निरुपद्रवी दोष आहे, असे आपण समजतो. कुणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कुणी जुनी नाणी, कुणी शंखशिंपले. घरातली माणसे थोडी कुरकुरतात, पाहुणे थोडे हसतात आणि छंदिष्टाचा संसार सुखाने चालू राहतो. पण विजेऱ्या जमवणारा माणूस भेटला की पाहुणे हसत नाहीत, बुचकळ्यात पडतात. तिकिटावर शिक्का बसला, त्याचे काम संपले. आता त्याला वहीत चिकटवले तर कुणाचे काय बिघडते? विजेरी मात्र कामाची वस्तू. एक असली की भागते. मग चाळीस कशाला?

माझ्या एका स्नेह्यांकडे चाळीस आहेत. भिंतीतल्या कपाटात त्या उंचीप्रमाणे उभ्या असतात, शाळेत प्रार्थनेला पोरे उभी राहावीत तशा. पितळेच्या तीन सेलवाल्या वडीलधाऱ्या मागे, करंगळीएवढ्या पुढे. शिवाय दोन त्यांच्या अंगावर कायम असतात, एक सदऱ्याच्या खिशात आणि दुसरी पहिली बंद पडली तर. भर दुपारी बाराला भाजी आणायला निघाले तरी ते आधी खिसा चाचपून पाहतात. नवी विजेरी आली की घरातले सगळे दिवे मालवून ते पांढऱ्या भिंतीवर तिचा उजेड पाडतात आणि मधला झोत किती घट्ट आहे, कडेचे तेज किती मऊ आहे, रंग पिवळसर की निळसर, हे पारखत बसतात. वहिनी स्वयंपाकघरातून ओरडतात, "अहो, आमटी उतू गेली, दिवा लावा आधी!" चाळीस विजेऱ्यांच्या घरात आमटी अंधारात उतू जाते, हा विनोद त्यांना अजून समजलेला नाही.

अशी माणसे जगभर आहेत. पट्टीचे छंदिष्ट सेलची जाडी-लांबी तोंडपाठ म्हणून दाखवतात. तांब्याच्या, टायटॅनियमच्या नळ्या ते सोन्याच्या दागिन्यासारख्या कापसात गुंडाळून ठेवतात. ही आवड येते कुठून?

या वस्तूचा जन्मच मुळी अपुरेपणातून झालेला आहे. न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मिसेल या संशोधकाला १८९९ साली तिचे पेटंट मिळाले. कागदी नळी, तीत एकामागे एक ठेवलेले कोरडे सेल, टोकाला दिवा आणि त्याच्यामागे पितळेची ओबडधोबड वाटी. त्या काळचे सेल दुबळे. सलग उजेड देण्याची त्यांची ताकद नव्हती. क्षणभर लावायचा, मग त्यांना विसावा द्यायचा. म्हणून इंग्रजीत तिला 'फ्लॅशलाइट', म्हणजे लखकन चमकणारा दिवा, असे नाव पडले. सुरुवातीच्या काही विजेऱ्या न्यूयॉर्कच्या पोलिसांना भेट दिल्या होत्या. त्यांना त्या आवडल्या आणि धंदा चालू लागला.

आपल्याकडे पुस्तकांनी तिला 'विजेरी' म्हटले; लोकांनी 'बॅटरी'च म्हटले. वीज न पोचलेल्या गावात ज्याच्या हाती तीन सेलची बॅटरी, त्याला बैठकीत जरा पुढची जागा मिळे. सेल मंदावले की ते उन्हात ठेवायचे. बुडाचे झाकण उघडले की त्यात एक जादा दिवा जपून ठेवलेला सापडायचा, आणि पोरांना तो खजिन्यासारखा वाटायचा. माळ्यावर विसरलेल्या बॅटरीत सेल फुटून पाणी सुटे आणि ते पितळ खाऊन टाकी. वापरली नाही तर ही वस्तू आतून कुजते, हे तिचे एक लक्षण ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पुढे निळा प्रकाश देणारा डायोड सापडला. त्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या निळ्या उजेडावर पिवळसर लेपाचा संस्कार केला की पांढरा उजेड मिळतो, आणि तोही थोडक्या विजेवर. आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये दिवा आहे. गरज हेच छंदाचे मूळ असते, तर विजेऱ्यांचा छंद एव्हाना मेला असता. तो तर वाढला! म्हणजे मूळ दुसरीकडे कुठे तरी असले पाहिजे.

कुणी म्हणेल, भीती. हे उत्तर अगदीच खोटे नाही. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ ला पहाटेपूर्वी झाला. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ ला, तोही पहाटेच्या चारच्या सुमारास. संकट दिवसाउजेडी येईल असे त्याने कुणाला वचन दिलेले नाही. शेतीची वीज रात्री येते म्हणून काळोखात पिकाला पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याला बांधावर पाऊल टाकण्यापूर्वी उजेड लागतो, तो हौसेने नव्हे, सापाच्या धास्तीने. अशा माणसाच्या हातातल्या विजेरीला छंद म्हणणे हा त्याचा अपमान होईल. पण भीतीचे समाधान एका विजेरीने होते. फार तर दोन. चाळिसावी विकत घेणारा माणूस काही अंधाराला चाळीस पट भीत नसतो.

मला वाटते, खरे आकर्षण अंगठ्यात आहे. कळ दाबली आणि काळोख मागे सरला! सूर्य आपल्या सांगण्यावरून उगवत नाही, पाऊस आपल्या सांगण्यावरून थांबत नाही, घरातली माणसे तर नाहीच नाही. एवढी एक गोष्ट मात्र आपण 'हो' म्हटले की होते. लहान मुलाच्या हाती विजेरी द्या. ते पहिल्यांदा ती आढ्याकडे धरील, मग तळहातामागे धरून बोटे लाल झालेली पाहील आणि तिसऱ्यांदा नेमकी तुमच्या तोंडावर मारील. या तिसऱ्या कृतीत विजेरीचे सगळे नीतिशास्त्र आलेले आहे.

पणती आणि विजेरी यांची तुलना करून पाहा. पणतीला तेल घालावे लागते, वात सारावी लागते, वाऱ्यात नेताना पदराआड धरावी लागते. आणि तिचा उजेड चहूकडे पडतो. पणती नेणारीचा चेहरा सर्वांत आधी उजळतो. विजेरीचे तसे नाही. ती धरणाऱ्याला हवे तेवढेच दाखवते आणि धरणारा स्वतः अंधारात राहतो. मी तुला पाहतो, तू मला पाहू शकत नाहीस. समोरच्याच्या डोळ्यांवर झोत टाकला की तो क्षणात आंधळा आणि केविलवाणा होतो. उजेड हे ज्ञानाचे प्रतीक आहे, असे आपण मोठ्या भक्तिभावाने म्हणतो. पण उजेड हा अधिकाराचाही दंडुका होऊ शकतो, हे रात्री नाक्यावर अडवलेल्या कुणालाही विचारा.

उलट, जुन्या चित्रपटगृहातला डोअरकीपर आठवा. खेळ सुरू झाल्यावर उशिरा आलेल्यांना तो जागेवर नेई. झोत नेहमी खाली, पायरीवर. आपल्या तोंडावर नाही, बसलेल्यांच्या तोंडावर नाही, पडद्यावर तर नाहीच. ज्याला दाखवायचे त्याला, जेवढे हवे तेवढे, आणि काम होताच बंद. ज्ञानी माणसाने दुसऱ्याला मार्ग कसा दाखवावा, याचा पाठ मला त्याच्याइतका सोपा करून दुसऱ्या कुणी दिलेला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कामाची वस्तू गरजेपेक्षा जास्त जवळ बाळगणे हे प्रेम की लोभ? आपल्या परंपरेने अपरिग्रहाला मोठे व्रत मानले आहे, आणि छंदिष्ट तर परिग्रहाचाच उपासक. त्यातून उजेडाचा लोभ विशेष फसवा. झोत दुप्पट लांब पोचायला हवा असेल तर तेज चौपट लागते, आणि तेज दुप्पट केले तरी डोळ्याला ते दुप्पट वाटत नाही, थोडेसेच वाढल्यासारखे वाटते. म्हणून आणखी हवे, आणखी हवे, असे होत राहते. पैशाचे, कीर्तीचे आणि कौतुकाचे गणित याहून निराळे आहे असे मला वाटत नाही.

पण सगळा संग्रह लोभच असता तर पुण्याचे केळकर संग्रहालय उभे राहिले नसते. कवी 'अज्ञातवासी' म्हणजेच दिनकर केळकर यांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली. दिवे, अडकित्ते, वाद्ये, दरवाजे, जे जे घराघरांतून अडगळीत चालले होते, ते ते त्यांनी उचलून आणले. अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी त्या संग्रहाला दिले. १९६२ साली संग्रहालय झाले आणि १९७५ साली ते सारे धन त्यांनी शासनाच्या स्वाधीन केले. तिथले दिवे पाहताना माझ्या मनात येते की, लोभी माणूस वस्तू आपल्याजवळ यावी म्हणून जमवतो आणि प्रेमी माणूस ती नाहीशी होऊ नये म्हणून. जमवताना दोघे अगदी सारखे दिसतात. फरक कळतो तो देण्याची वेळ आल्यावर.

माझ्या स्नेह्यांवर अशी वेळ २६ जुलै २००५ ला आली. त्या पावसात मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाणी कोसळले. उपनगरातल्या त्यांच्या गल्लीत संध्याकाळीच वीज गेली. कमरेएवढ्या पाण्यातून माणसे घराकडे चालत होती आणि गल्लीच्या तोंडाशी गटाराचे झाकण उघडे होते. वर पाणी एकसारखे गढूळ. खाली खड्डा आहे हे कुणाला दिसणार? स्नेह्यांनी कपाट उघडले. चाळीतल्या पोरांना बोलावून बारा विजेऱ्या वाटल्या आणि स्वतः सर्वांत दमदार ती घेऊन गटाराशी उभे राहिले. रात्रभर झोत पाण्यावर धरून "इकडून या, कडेने या" एवढेच ते म्हणत होते. येणाऱ्यांना त्यांचा चेहरा दिसत नव्हता. किती माणसे गेली ते त्यांनी मोजले नाही.

याचा शेवट गोड करण्याचा मोह मला होतो. पण खरे तेच सांगतो. बारांपैकी दहा परत आल्या. एका पितळीला पोचा पडलेला. आलेल्या दहांच्या आनंदापेक्षा न आलेल्या दोघींचे दुःख स्नेह्यांना जास्त झाले. त्या पोच्यावर ते आठवडाभर बोट फिरवत होते. वहिनींनी एकदा विचारलेही, "वाचलेल्या माणसांपेक्षा तुम्हांला ती नळी मोठी का हो?" त्यावर ते गप्प बसले. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वीज गेली, तेव्हा त्यांनी पुन्हा कपाट उघडले. या वेळी सर्वांत आवडती मात्र आतच ठेवली, आणि बाकीच्या दिल्या.

मला हा माणूस फार जवळचा वाटतो. आसक्ती पूर्ण सुटल्यावर केलेले दान संतांना साधते. आपल्यासारख्यांनी आसक्ती असतानाच द्यावे, हळहळत द्यावे, एखादी वस्तू मागे ठेवून द्यावे, पण द्यावे. ज्याला वस्तूची किंमत कळत नाही त्याने ती दिली, यात मोठेपणा कसला? पोच्यावरून बोट फिरवणाऱ्याने पुन्हा कपाट उघडले, यात मात्र आहे.

आणखी एक गंमत सांगतो. विजेऱ्यांच्या छंदाने या माणसाला अंधाराची गोडी लावली. उजेड पारखायचा तर आधी काळोख हवा, आणि शहरात तो मिळत नाही. म्हणून ते अमावास्येच्या सुमारास एखाद्या गडावर जातात. तिथे त्यांना कळले की डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि झोत लागताच तो सराव क्षणात मोडतो. वर्तुळाच्या आत लख्ख, पण बाहेर पहिल्याहून गडद! मालवून थोडा वेळ बसले की आधी तटाची रेघ दिसते, मग वाट, मग तारे. चाळीस विजेऱ्यांचा धनी आता गडावर बराच वेळ कळ न दाबता बसतो. जवळ दिवा आहे या भरवशावरच अंधारात बसण्याचे धैर्य त्याला येते, हे तो मोकळेपणाने कबूल करतो. त्यात कमीपणा वाटण्याचे मला तरी कारण दिसत नाही.

आपल्या पूर्वजांनी आषाढ अमावास्येला दिव्यांची पूजा सांगितली आहे. त्या दिवशी घरातले सगळे दिवे, समया, निरांजने काढून घासायची, पुसायची, पाटावर मांडायची. विझलेल्या, कोपऱ्यात पडलेल्या दिव्यालाही त्या दिवशी मान. पुढे श्रावण, मग दिवाळी. पण तयारी आधीच्या त्या ओल्या, काळ्या दिवसापासून. दिवा हवा असेल तेव्हा शोधू नये, आधीच लख्ख ठेवावा, एवढाच त्याचा साधा अर्थ मी घेतो. छंदिष्ट हेच वर्षभर करतो. म्हणून त्याला फार हसू नये.

तेव्हा वाचकहो, फराळाची ताटे आवरल्यावर एक काम करा. तुमच्याही घरात खणात किंवा माळ्यावर एखादी विजेरी पडलेली असेल. ती काढा, बुडाचे झाकण उघडा, सेलला पाणी सुटलेले नाही ना ते पाहा. चांगली असेल तर कळ दाबा. आणि जिन्यावरून खाली उतरणाऱ्या कुण्या म्हाताऱ्या शेजाऱ्याला सोबत करायची असेल, तर झोत पायरीवर धरा.