पुरे कोण म्हणणार?

सप्ताहाच्या पंगतीला सरपण हवे होते. बांधावरची वाळकी बाभूळ कुऱ्हाडीने तोडायची तर दोन गड्यांचा दिवस गेला असता. पेट्रोलवरच्या साखळीच्या करवतीने ती तासाभरात फोडून झाली. मग हुरूप आला, अन् शेजारचा हिरवा कडुलिंबही आडवा झाला! ओले लाकूड चुलीत नुसते धुमसले. आम्ही तिथेच उभे होतो. कोणी 'पुरे' म्हटले नाही.

कुऱ्हाडीचा गडी घाम पुसायला थांबे, तेवढ्यात विचाराला सवड मिळे. यंत्र थकत नाही. १९६४ च्या कायद्याने आंबा-चिंच तोडायला परवानगी लागते. पण कायदा काही बांधावर उभा नसतो. मंडळी, दोष यंत्राचा नव्हे. हात थकेनासा झाला, आता मनानेच थांबायला शिकले पाहिजे. किती लाकूड हवे, ते करवतीची दोरी ओढण्याआधीच ठरवावे.