पतंगाचे सत्य

सत्य हा सद्गुण होय, याविषयी सहसा कोणी वाद घालीत नाही. परंतु ज्यास असत्य बोलताच येत नाही त्याच्या सत्यास काय म्हणावे? ठाणे जिल्ह्यात शहापूर-मुरबाडकडे उडणारा एक चिमुकला पतंग आमच्यापुढे हा प्रश्न उभा करितो.

पावसाळा सरता सरता त्या बाजूस माळांवर व भातखाचरांच्या बांधांवर खुळखुळ्याची पिवळी फुले दिसू लागतात. पुढे शेंगा वाळल्या म्हणजे आतील बिया वाजतात, त्यावरून हे नाव. हिरवळीच्या खतासाठी पेरतात तो ताग याच कुळीचा. या झुडुपांभोवती पांढऱ्या पंखांवर तांबडे-काळे ठिपके मिरविणारा, पंख पसरले असता जेमतेम दीड इंच भरणारा हा जीव आढळतो. ज्यांस टायगर मॉथ म्हणतात त्या व्याघ्रपतंगांपैकी हा एक. लिनिअसने १७५८ साली त्यास ‘पुलचेला’, म्हणजे ‘सुंदरशी’, असे नाव दिले. बहुतेक पतंग रात्रीचा आश्रय करितात. हा दिवसाढवळ्या, पक्ष्यांच्या डोळ्यांदेखत उडतो. या निर्भयपणाचे मूळ त्याच्या बालपणच्या आहारात आहे. खुळखुळ्याच्या पानांत, आणि विशेषतः बियांत, विष असते. अळी ते खाऊन अंगी साठविते आणि कोशातून बाहेर पडणारा पतंग ते घेऊनच जन्मास येतो. ‘मी कडू आहे’ असे त्याचे ठिपके सांगतात, आणि ते खरे असते.

नेहमीच खरे असते काय? थॉमस आइसनर या अमेरिकेतील संशोधकाने व त्याच्या सहकाऱ्यांनी या पतंगाच्या तिकडील एका भावंडावर प्रयोग केले. खुळखुळ्यावर वाढलेला पतंग जाळ्यात सापडला, तर कोळी त्यास चाचपून पाहतो आणि आपल्याच जाळ्याचे धागे तोडून त्यास सोडून देतो. घेवड्याच्या दाण्यांवर वाढविलेला निर्विष पतंग मात्र तो खाऊन टाकतो. रंग दोघांचे तेच. एकाचे खरे ठरले, दुसऱ्याचे खोटे. पण दुसऱ्याने लबाडी केली असे कोण म्हणेल? नराच्या गंधाची गोष्ट याहून निराळी. मादीस भुलविणारा गंध तो त्या विषापासूनच तयार करितो; विष नाही तर गंधही नाही. समागमात तो विषाचा वाटा मादीस देतो, आणि ती त्यायोगे आपली अंडी राखते. (आमच्याकडील वरांच्या मिळकतीची वर्णने इतकी खात्रीची असती तर!)

हा गंध खोटा ठरूच शकत नाही, म्हणून तो रंगाहून नीतिमान काय? आम्हांस तसे वाटत नाही. पर्यवेक्षक पाठीशी उभा असता जो मुलगा नक्कल करीत नाही, त्याची उत्तरपत्रिका शुद्ध असते. त्याच्या मनाविषयी तीवरून काही कळत नाही. कोळ्याच्या ‘दये’चेही तेच. कर्णपर्वातील कौशिकाने दरोडेखोरांस लपलेल्या माणसांची वाट खरी सांगितली आणि तो नरकास गेला. त्यास दोष लागला, कारण मौनाचा मार्ग त्यास मोकळा होता. पतंगास कोणताच मार्ग मोकळा नाही. म्हणून त्यास दोष नाही आणि पुण्यही नाही.

तथापि ज्याचा जीव खुणेवर अवलंबून आहे त्यास आमच्या या भेदाचे काय होय? १९७० नंतरच्या दशकात सरगुजा जिल्ह्यात, जो आज छत्तीसगडात आहे, खुळखुळ्याच्या एका जातीचे बी धान्यात मिसळून गेले आणि यकृताच्या विकाराने कित्येक माणसे दगावली. त्या बियांवर तांबडे ठिपके नव्हते. पतंगाने जे विष पंखांवर जाहीर केले ते झाडाने शेंगेत मुकाट ठेविले होते. मुरबाडकडील गुराख्याच्या पोरास वाळक्या शेंगा वाजविण्याची हौस असते. त्यांतील बी तोंडात घालू नकोस, हे त्यास कोणी तरी जाणत्याने सांगावे लागते.